गोरिलाच्या पोटातला यंत्रमानव

आमच्या वस्तीत गेल्या मे महिन्याच्या सुट्टीत घडलेला एक साधा प्रसंग सांगून सुरुवात करतो. शेजारच्या घरातल्या चौथीच्या मुलाने आईकडे हट्ट धरला होता. मोबाईलवर त्याने 'ट्रान्सफॉर्मर्स : राइज ऑफ द बीस्ट्स' हा २०२३ सालचा चित्रपट पाहिला होता आणि त्यातला गोरिला त्याच्या मनात घर करून बसला होता. हा गोरिला साधासुधा नव्हे. त्याचे हात, पाय, छाती ठरावीक पद्धतीने वळवली की त्याचा यंत्रमानव होतो आणि उलट वळवली की पुन्हा गोरिला. मॉलमधल्या दुकानात किंमत विचारली तर हजारांच्या पुढे. चार घरची धुणीभांडी करणाऱ्या माउलीला ते कसे परवडावे? शेवटी तिने स्टेशनबाहेरच्या फूटपाथवरून दीडशे रुपयांना तसाच दिसणारा एक गोरिला आणला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्याचा उजवा हात खांद्यातून निखळला. मुलगा रडला. आई म्हणाली, "दीडशे रुपये पाण्यात गेले, पुन्हा कधी काही मागू नकोस." सहावीत शिकणारी मोठी बहीण तुटका हात घेऊन उंबऱ्यावर बसली होती. तिने खेळण्याला हात लावायचा म्हटले की भाऊ ओरडे, "हे मुलांचं खेळणं आहे, तू तुझ्या बाहुल्या घे!"

हे आमच्या कानांनी ऐकले आणि आमच्या मनात प्रश्न उभा राहिला. हे खेळणे मुलांचेच, असे कोणी ठरविले? त्याची किंमत कोणी ठरविली? आणि एका आईने घाम गाळून मिळविलेले दीडशे रुपये एका संध्याकाळीत का मोडून पडले? शोध घेता घेता आम्हांला जी माहिती मिळाली, ती प्रत्येक पालकाने वाचावी अशी आहे.

'बाहुली' हा शब्द का टाळला?

या गोरिलाचे मूळ शोधत गेलो तर थेट १९६४ साली अमेरिकेत पोचलो. तेथे ऱ्होड आयलंड राज्यात 'हॅस्ब्रो' ही कंपनी होती. पोलंडमधून आलेल्या हॅसनफेल्ड या ज्यू कुटुंबातील भावांनी १९२३ साली कापडाच्या उरलेल्या तुकड्यांच्या धंद्यातून ती उभी केली. पुढे पेन्सिलींच्या पेट्या आल्या आणि मग खेळणी आली. १९५९ साली दुसऱ्या एका कंपनीची 'बार्बी' ही बाहुली बाजारात आली होती आणि मुलींना तिचे एकेक कपडे विकून धंदा जोरात चालला होता. हॅस्ब्रोने विचार केला, मुलांसाठी अशी बाहुली का नको? तिने एक फूट उंचीचा, सांधे हलणारा सैनिक बनविला. त्याचे नाव 'जी. आय. ज्यो'.

पण अडचण अशी की बाहुली म्हटले तर मुलगे घेणार नाहीत, आणि बापही आणून देणार नाहीत. म्हणून कंपनीने 'बाहुली' हा शब्दच बाद करून 'ॲक्शन फिगर' हे नवे नाव दिले. वस्तू तीच, कपडे बदलता येणारी, हातपाय हलणारी. फक्त नाव बदलले आणि मुलगे तिच्यावर तुटून पडले! आमच्या शेजारचा मुलगा बहिणीला जे ऐकवत होता, ते वाक्य साठ वर्षांपूर्वीच्या या जाहिरातीच्या युक्तीतून आलेले आहे. ते ना त्याने शोधले, ना निसर्गाने.

टोकियोहून निघालेली वाट

जी. आय. ज्यो जपानमध्ये विकण्याचा परवाना टोकियोच्या 'ताकारा' या कंपनीने घेतला. जपानी कारागिरांनी या सैनिकात हळूहळू बदल केले. १९७२ साली त्यांनी त्याच्यातून 'हेन्शिन सायबोर्ग' नावाचे यंत्रपुरुषाचे खेळणे काढले. 'हेन्शिन' या जपानी शब्दाचा अर्थच रूप बदलणे. १९७३ साली जगभर तेलाचे संकट आले. प्लॅस्टिक तेलापासून होते, त्यामुळे तेही महागले. एक फुटाचा पुतळा परवडेना, म्हणून ताकाराने १९७४ पासून जेमतेम बोटाएवढ्या उंचीची 'मायक्रोमॅन' ही माणसे काढली. पुढे या छोट्या माणसांना बसायला वाहने लागली, वाहनांचे यंत्रमानव होऊ लागले. १९८० साली 'डायक्लोन' ही मालिका सुरू झाली. तिच्यात मोटारी होत्या, ट्रक होते, विमाने होती आणि डायनोसॉरही होते.

१९८३ साली टोकियोच्या खेळण्यांच्या प्रदर्शनात हॅस्ब्रोच्या माणसांच्या नजरेस ही खेळणी पडली. त्यांनी ती अमेरिकेत नेली आणि १९८४ साली 'ट्रान्सफॉर्मर्स' या नावाने बाजारात आणली. म्हणजे अमेरिकेचा बाहुला जपानला गेला आणि रूप बदलून पुन्हा अमेरिकेत परतला!

पहिल्याच वर्षी त्यात प्राणीही होते. आपल्या पिढीला टेपरेकॉर्डरची कॅसेट चांगली आठवते. तशाच दिसणाऱ्या, पण आकाराने लहान कॅसेटमधून 'रॅव्हेज' नावाचा काळा बिबळ्या निघत असे आणि दुसरीतून 'लेझरबीक' हा पक्षी. १९८५ साली 'डायनोबॉट' आले. त्यांचा म्होरक्या 'ग्रिमलॉक' हा टायरॅनोसॉरस या दोन पायांवर चालणाऱ्या अजस्र डायनोसॉरच्या रूपातला होता. मूळ जपानी खेळण्यात आत छोटा माणूस बसून यंत्र चालवीत असे. अमेरिकेत ती यंत्रे स्वतःच जिवंत, स्वतः विचार करणारी ठरविण्यात आली.

आधी खेळणे, मग गोष्ट

येथे पालकांनी थोडे थांबावे. आपल्याला वाटते, आधी कोणी तरी गोष्ट लिहितो, ती गाजते आणि मग तिच्यातल्या पात्रांची खेळणी निघतात. येथे नेमके उलटे झाले. खेळणी तयार होती, पण त्यांना नावगाव नव्हते. हॅस्ब्रोने 'मार्व्हल' या चित्रकथांच्या कंपनीला काम दिले. जिम शूटर यांनी कथेचा आराखडा लिहिला. नायक 'ऑप्टिमस प्राइम' याचे नाव डेनी ओनील यांनी दिले, तर बहुतेक साऱ्या पात्रांची नावे आणि स्वभाव बॉब बुडियान्स्की यांनी ठरविले. सप्टेंबर १९८४ मध्ये दूरदर्शन संचांवर कार्टून मालिका सुरू झाली. मुलांना वाटे, आपण गोष्ट पाहतो आहोत. कंपनीला ठाऊक होते, मुले अर्धा तास जाहिरात पाहत आहेत.

हे त्याच साली का झाले? अमेरिकेत मुलांच्या कार्यक्रमांवर पूर्वी बंधने होती. १९६९ साली खेळण्यातल्या मोटारींवरच्या एका कार्टूनला सरकारी आयोगाने, ही तर कार्यक्रमाच्या वेषातली जाहिरात आहे, असे ठरवून आक्षेप घेतला होता. परंतु रेगन राष्ट्राध्यक्ष असताना ही बंधने सैल झाली आणि १९८४ साली जाहिरातींच्या वेळेची मर्यादाही आयोगाने उठविली. दार उघडताच कंपन्या आत शिरल्या.

याविरुद्ध कोण उभे राहिले? एक आई! मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या न्यूटन गावी पेगी चॅरेन या गृहिणीने १९६८ साली आपल्या घराच्या दिवाणखान्यात परिसरातल्या मातांना गोळा करून संघटना उभी केली होती. मुलांना गिऱ्हाईक समजू नका, ही तिची मागणी. वीस वर्षांहून अधिक काळ तिने अर्ज केले, सुनावण्यांत साक्षी दिल्या, न्यायालयात दाद मागितली. अखेर १९९० साली अमेरिकेच्या संसदेने मुलांच्या दूरदर्शनचा कायदा केला. मुलांच्या कार्यक्रमांत जाहिरातींना शनिवार-रविवारी तासाला साडेदहा मिनिटे आणि इतर दिवशी बारा मिनिटे अशी मर्यादा पडली. बलाढ्य कंपन्यांशी घरातल्या बायका काय झगडणार, असे म्हणणाऱ्यांनी ही हकीकत ध्यानात ठेवावी.

मुलांचे अश्रू

१९८६ च्या ऑगस्टमध्ये ट्रान्सफॉर्मर्सचा पहिला चित्रपट आला. कंपनीला जुनी खेळणी बंद करून नवी विकायची होती. म्हणून चित्रपटात जुनी पात्रे धडाधड मारली गेली. सर्वांचा लाडका ऑप्टिमस प्राइम हाही मेला. चित्रपटगृहांत लहान मुले हमसून हमसून रडली. कंपनीच्या हिशेबी तो एक जुना माल होता, मुलांना मात्र घरातले वडीलधारे माणूस गेल्यासारखे झाले. पालकांचा आणि मुलांचा रोष इतका झाला की जी. आय. ज्योच्या चित्रपटात ड्यूक नावाच्या नायकाला मारायचे ठरले होते, तो नुसता बेशुद्ध झाला असे दाखवावे लागले. आणि १९८७ साली ऑप्टिमस प्राइमला मालिकेत पुन्हा जिवंत करावे लागले.

आम्हांस यात एक मोठी गोष्ट दिसते. गोष्ट विकण्यासाठी रचली होती खरी, पण मुलांनी तिच्यावर जीव लावला आणि तो जीव खरा होता. बाजाराला तो ओळखता आला नाही. म्हणून आपले मूल खेळणे मोडले म्हणून रडते तेव्हा, "त्यात काय रडायचे" असे चटकन म्हणू नये.

गोरिला कसा आला?

पुढे या खेळण्यांची विक्री घसरत गेली. १९९१ साली हॅस्ब्रोने विकत घेतलेल्या एका उद्योगाबरोबर 'केनर' ही जुनी खेळण्यांची कंपनीही तिच्याकडे आली होती. बुडत्या ट्रान्सफॉर्मर्सची जबाबदारी केनरवर टाकण्यात आली. मोटारी आणि ट्रक बाजूला ठेवून त्यांनी पूर्णपणे प्राण्यांवर भर दिला. १९९६ साली 'बीस्ट वॉर्स' म्हणजे 'पशूंचे युद्ध' ही मालिका निघाली. त्यात 'ऑप्टिमस प्रायमल' हा गोरिला नायक, 'मेगाट्रॉन' हा टायरॅनोसॉरस खलनायक. शिवाय चित्ता, गेंडा, उंदीर, कोळी, गांधीलमाशी, विंचू. आमच्या शेजारच्या मुलाला भुरळ घालणारा गोरिला तो हाच.

कॅनडातल्या व्हँकूव्हर शहरातील 'मेनफ्रेम' या संस्थेने संगणकावर ही मालिका बनविली. खुद्द कॅनडात मात्र 'युद्ध' हा शब्द मुलांच्या कार्यक्रमाच्या नावात नको म्हणून तिचे नाव 'बीस्टीज' ठेवले होते. त्या काळी संगणकावर एकेक पात्र उभे करणे फार खर्चाचे होते, त्यामुळे पात्रे मोजकीच ठेवावी लागली. पण तंगीतून चांगलेही निघते. पात्रे थोडी असल्यामुळे बॉब फॉरवर्ड आणि लॅरी डिटिलियो या लेखकांना प्रत्येकाला मन आणि स्वभाव देता आला.

१९९८ साली दाखविलेला एक भाग तर आजही नावाजला जातो. त्यात 'डायनोबॉट' नावाचे पात्र आहे. व्हेलॉसिरॅप्टर या चपळ डायनोसॉरचे त्याचे रूप. तो खलनायकाची टोळी सोडून आलेला, पण एका चुकीपायी मनात कुढणारा. मेगाट्रॉन आदिमानवांच्या वस्तीवर चालून जातो, कारण ते नष्ट झाले तर पुढची सारी मानवजातच जन्मणार नाही. डायनोबॉट एकटा असतो. लढलो तर आपण वाचणार नाही हे त्याला कळते. भविष्य आधीच लिहिलेले आहे की आपल्या करणीने ते घडते, या प्रश्नाने तो पछाडलेला असतो. शेवटी तो उभा राहतो, एकटा सर्वांशी लढतो आणि मरतो. दगड व लाकूड जोडून त्याने केलेले हत्यार नंतर एक आदिमानव हाती घेतो. खेळणी खपविण्यासाठी काढलेल्या मालिकेत एवढा मोठा विचार आला, कारण लिहिणाऱ्यांनी मुलांना बुद्धी असते हे मान्य केले होते.

काकांची तपासणी

आता आमच्या तुटक्या गोरिलाकडे येऊ. आमच्या गल्लीत एक काका आहेत. त्यांची तीस वर्षे प्लॅस्टिक मोल्डिंगच्या कारखान्यात गेली. आम्ही दोन्ही भावंडांना घेऊन त्यांच्याकडे गेलो. काकांनी चष्मा लावला, तुटका भाग उजेडात धरला आणि म्हणाले, "हे बघा, आत रंग एकसारखा नाही. जुना माल दळून नव्या दाण्यात मिसळलाय. असा माल ठिसूळ होतो."

मग त्यांनी मुलांना समजावून सांगितले. प्लॅस्टिकचा दाणा मशीनमध्ये वितळतो, दाबाने पोलादी साच्यात शिरतो, थंड होतो आणि भाग बाहेर पडतो. साच्याचे दोन अर्धे भाग जेथे मिळतात तेथे बारीक रेघ उमटते. ती रेघ त्यांनी दोघांना नखाने चाचपायला लावली. "एवढ्याशा गोरिलाला पंधरा-वीस तुकडे. प्रत्येकाचं माप केसाएवढं चुकलं तरी सांधा एक तर ढिला, नाही तर घट्ट. घट्ट सांधा जोरात फिरवला की मान तुटते," काका म्हणाले. खांद्यात एक वाटी आणि तिच्यात बसणारी गोटी असते. आपल्या खांद्याचे हाडही असेच बसलेले आहे. बीस्ट वॉर्सच्या खेळण्यांत असे वाटी-गोटीचे सांधे मोठ्या प्रमाणावर आले, म्हणून ती जुन्या मोटारींच्या यंत्रमानवांपेक्षा अधिक जिवंत वाटू लागली.

खरे कौतुक पुढेच आहे. या खेळण्याचा नियम असा की काही काढायचे नाही, काही नवे जोडायचे नाही. आहे त्याच अवयवांतून दुसरे रूप निघाले पाहिजे. गोरिलाचे हात यंत्रमानवाचेही हात होतात. मेगाट्रॉनच्या खेळण्यात टायरॅनोसॉरसचे डोके यंत्रमानवाचा हात बनते, तर चित्त्याच्या खेळण्यात चित्त्याचे डोके छातीवर येते. एकच तुकडा दोन ठिकाणी दोन कामे करतो. हे कागदावर आखणाऱ्याची बुद्धी आणि साचा कोरणाऱ्याचा हात, दोन्ही एकत्र आल्याशिवाय ते साधत नाही. खोक्यावर कंपनीचे नाव मोठे असते, या हातांचे नाव नसते.

काकांनी तापविलेल्या सुईने गोटीत व दांड्यात बारीक भोक पाडले, तारेचा छोटा तुकडा आत बसविला आणि वरून चिकटवले. तुकडा धरून ठेवायचे काम बहिणीने केले. तिचा हात जराही हलला नाही. "रात्रभर वाळू दे," काकांनी बजावले.

पालकांनी काय करावे?

आमच्या मते हे खेळणे वाईट नाही. क्रम लक्षात ठेवणे, आकार ओळखणे, जोर कुठे लावावा आणि कुठे लावू नये हे ठरविणे, एवढे शिक्षण त्यात आहे. पण पुढील गोष्टी ध्यानात घ्याव्यात.

एक, १ जानेवारी २०२१ पासून आपल्या देशात खेळण्यांवर आय.एस.आय. चिन्ह सक्तीचे झाले आहे. ते पाहूनच घ्यावे. फूटपाथवरच्या बेनामी मालाचा रंग आणि प्लॅस्टिक कशाचे आहे याची हमी कोणी देत नाही. लहान भाग असल्याने तीन वर्षांखालच्या मुलाच्या हाती असे खेळणे मुळीच देऊ नये.

दोन, किंमत का चढते हे मुलांना सांगावे. बाहेरून येणाऱ्या खेळण्यांवरचे सीमाशुल्क २०२० साली २० टक्क्यांवरून ६० टक्के आणि २०२३ साली ७० टक्के झाले. परवडत नाही हे सांगण्यात पालकांना कमीपणा नाही. कारण समजले की मूल हट्ट सोडते, नुसते ओरडल्याने सोडत नाही.

तीन, घरीही सांधे करता येतात. सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे आणि काडेपेटीच्या काड्या यांपासून हलणाऱ्या रचना कशा करायच्या, हे अरविंद गुप्ता यांनी १९७० च्या दशकाच्या अखेरीस दाखवून दिले आहे. जाड पुठ्ठ्याचे हातपाय कापून, भोकांतून दोरा ओवून दोन्ही बाजूंना गाठ मारली तरी सांधा होतो. मुलांना एकच अट घालावी, तुकडा न काढता प्राण्याचा माणूस करून दाखवा.

चार, मूल काही पाहत असेल तर अधूनमधून शेजारी बसावे आणि विचारावे, ही गोष्ट कोणी सांगितली आणि आपल्याला काय विकण्यासाठी सांगितली? हा एक प्रश्न मुलाला आयुष्यभर पुरेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही शेजारी डोकावलो. भाऊ गोरिलाचा यंत्रमानव करू पाहत होता, पण पाय मध्ये अडकत होते आणि तो जोर लावणार एवढ्यात बहीण म्हणाली, "थांब, आधी छाती उघड. मग पाय आपोआप सुटतील." त्याने क्षणभर तिच्याकडे पाहिले आणि खेळणे तिच्या हातात दिले. तिने छाती उघडली, पाय खाली ओढले, गोरिलाचे तोंड मागे वळविले. यंत्रमानव उभा राहिला. दुरुस्त केलेला खांदा टिकला होता.

कामावर निघालेली आई दारात थांबून पाहत होती. "मला पण दाखव गं एकदा," ती म्हणाली आणि चप्पल काढून आत येऊन बसली.